भाच्याचा काळा पेला

वडिलांना दिलेला शब्द मी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मोडला. तोही सख्ख्या भाच्याच्या साक्षीने, भर दुपारी, पुण्यात. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा कबुलीजबाब कुणाला रुचेल, कुणाला रुचणार नाही. पण आईवडील एका गावी आणि मुले-भाचे दुसऱ्याच मुलखात, अशी आज घरोघरची स्थिती आहे. तेव्हा असला प्रसंग आज ना उद्या पुष्कळांच्या दाराशी यायचाच. म्हणून जसे घडले तसे सांगतो.

आम्ही बीड जिल्ह्यातले, अंबाजोगाईचे. धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्यात असतो. तो रसायनशास्त्र घेऊन एम. एस्सी. झाला तेव्हा आम्ही योगेश्वरीची ओटी भरली, आळीत पेढे वाटले. पुढे तो ‘खाण्यापिण्याच्या जिनसा करतात तिथे’ नोकरीला लागल्याचे बहिणीने कळवले. कोणत्या जिनसा, असे विचारले की ती म्हणायची, “दादा, पोह्यांत मीठ बरोबर आहे ना?” दोन वर्षे आम्ही पोह्यांतल्या मिठाविषयी अभिप्राय देत राहिलो. मग एका लग्नात कुणीतरी सहज बोलून गेले. आमचा भाचा खाण्याच्या नव्हे, पिण्याच्या बाजूला होता. तो बीअर बनवीत होता.

घरात चार दिवस सुतक पाळल्यासारखी शांतता होती. ती का, हे कळायला आमच्या नानांची हकिकत सांगितली पाहिजे. नाना म्हणजे माझे वडील.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण आमचा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. अंबाजोगाईचे सरकारदफ्तरी नाव तेव्हा मोमिनाबाद होते. संस्थान भारतात विलीन व्हावे म्हणून स्टेट काँग्रेसने लढा पुकारला. त्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ. आमच्या गावच्या योगेश्वरी विद्यालयाचे ते पूर्वी मुख्याध्यापक होते. लढ्याच्या कार्यक्रमात एक कलम होते शिंदीची झाडे तोडण्याचे. निजामाच्या तिजोरीत आबकारीचा पैसा मोठा. झाड पडले की तेवढे उत्पन्न बुडाले, असा सरळ हिशेब होता.

नाना तेव्हा एकोणीस वर्षांचे. चार सोबती घेऊन रात्री ओढ्याकाठी जायचे आणि कुऱ्हाड चालवायची. तीन रात्रींत त्यांनी सात झाडे पाडली. शेवटच्या झाडाला मडके तसेच बांधलेले होते आणि त्यात पहाटेची ताजी नीरा होती. तहानेने जीव कासावीस झालेला. नानांनी मडके तोंडाला लावले. “अमृतासारखी गोड होती रे,” असे ते म्हातारपणीसुद्धा सांगत. तीच नीरा ऊन चढू लागले की आंबते आणि तिची शिंदी होते. “झाडाशी आमचं भांडण नव्हतं, भांडण तिजोरीशी होतं,” या वाक्यावर त्यांची गोष्ट संपायची.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि तिजोरीशी असलेले भांडण मिटले. दारूशी असलेले मात्र आमच्या घरात पुढे सुरू झाले. आमच्या शेतावर एक सालगडी होता. माणूस लाखांत एक. बैलांवर पोटच्या पोरासारखी माया. तो हातभट्टीच्या नादी लागला आणि त्यातच गेला. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. त्या दिवशी त्याची बायको आमच्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही, बोलली नाही. दोन लेकरे पदराशी धरून नुसती बसून राहिली. दिवेलागणीला नानांनी आम्हा तिघा भावंडांना देवापुढे उभे केले आणि सांगितले, “थेंब घेणार नाही म्हणा.” आम्ही म्हटले. इतकाच तो शब्द. नाना जाऊन आता बरीच वर्षे झाली, पण शब्द देवघरात तसाच राहिला होता.

असल्या घरातला मुलगा बीअर बनवतो म्हटल्यावर शांतता पसरणार नाही तर काय होईल!

यंदा भाद्रपदात डोळ्यांच्या तपासणीसाठी मी पुण्याला गेलो. उतरलो बहिणीकडेच. तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, “मामा, माझं काम एकदा बघून जा. प्यायलाच पाहिजे असं नाही. तुम्ही जन्मभर मास्तरकी केलीत. पेपर न तपासताच पोराला नापास करू नका.”

मास्तराला याहून मोठी कोंडी नाही. मी टोपी घातली आणि निघालो.

मुंढव्याच्या अंगाला ती जागा आहे. माझ्या मनातल्या चित्रात अंधार होता, धूर होता, एखाददुसरा लाल दिवाही होता. प्रत्यक्षात काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या, धुतलेली फरशी, आणि एखाद्या दूध डेअरीत असावी तशी स्वच्छता. भाचा गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून पाइप धूत होता. आणि तो वास! घरात गव्हाची खीर शिजत असली की येतो तसा ऊन, गोडसर, धान्याचा वास. मी नाकाला लावायला काढलेला रुमाल हळूच खिशात ठेवला.

अशा छोट्या जागेला मायक्रोब्रुअरी म्हणतात आणि तिथल्या बीअरला क्राफ्ट बीअर. पुण्यात हा प्रकार २००९ साली ‘डुलाली’ नावाच्या मंडळींनी सुरू केला. हे नाव कुठले, तर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे! इंग्रजी अमदानीत मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत. उन्हाने, तापाने आणि कंटाळ्याने काहींचे डोके फिरे. त्यावरून ‘डुलाली होणे’ म्हणजे वेड लागणे, असा शब्द इंग्रजीत रूढ झाला. भाच्याने हे सांगितले तेव्हा मी म्हटले, “म्हणजे नावातच प्रामाणिकपणा आहे म्हणायचा.”

बीअरला लागतात चार वस्तू: पाणी, जव, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले आणि यीस्ट. जव भिजवायचे, मोड फुटले की सुकवायचे. याला म्हणतात माल्ट. आपण तान्ह्या बाळाला नाचणीचे सत्त्व देतो ते अशाच मोडांचे. मग त्याची भरड काढून साधारण पासष्ट अंश उष्ण पाण्यात तासभर ठेवायची. धान्यातल्या पिठूळ भागाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्सबरोबर उकळायचे, निववायचे आणि यीस्ट घालून टाकीत सोडायचे. यीस्ट ती साखर खाते आणि तिचा मद्यार्क करते. दोन-तीन आठवड्यांत बीअर तयार.

हे सगळे ऐकून घेतल्यावर बीड जिल्ह्यातल्या माणसाने जो प्रश्न आधी विचारायचा तोच मी विचारला. “पाणी किती लागतं?”

भाच्याचा हात थांबला. “एक लिटर बीअरला मोठे कारखाने चार-एक लिटरांत भागवतात. आम्हांला धुण्यापुसण्यासकट सहाच्या पुढे जातं. मी रोज लिहून ठेवतो, मामा.”

त्याने का लिहून ठेवले असेल, हे मला सांगावे लागले नाही. आमच्या केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. अंबाजोगाईही त्याच्यावर आणि लातूरही. २०१६ च्या उन्हाळ्यात त्या धरणात भेगा पडलेली जमीन होती. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आले, ते साऱ्या देशाने पाहिले. त्याच उन्हाळ्यात आमच्या विभागातल्या मद्याच्या कारखान्यांचे पाणी साठ टक्क्यांपर्यंत तोडण्याचा हुकूम उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिला होता. भाचा तेव्हा कॉलेजात होता. सुटीला घरी आला की टँकरमागे घागर घेऊन पळायचा. ज्याने घागर धरली आहे तो पाण्याचा हिशेब विसरत नाही, एवढे समाधान मी पदरात पाडून घेतले. पण समाधान म्हणजे उत्तर नव्हे, हेही त्याला सांगितले. तो म्हणाला, “उत्तर माझ्याकडेही नाही.”

मग त्याने मला एका डब्यातले काळेकुट्ट दाणे दाखवले. चार दाणे तोंडात टाकले. कुरकुरीत, कडवट, आणि कॉफीचा भास.

“कॉफीच्या बिया का रे?”

“नाही मामा, जवच आहेत. कॉफीसारखे भाजलेले.”

या दाण्यांची हकिकत मोठी मजेची आहे. अठराव्या शतकात लंडनमधल्या हमालांची आवडती गडद बीअर म्हणजे पोर्टर. हमालाला इंग्रजीत पोर्टर म्हणतात, त्यावरून ते नाव. तिच्यातली जी कडक, जोरदार, ती ‘स्टाउट’. कंपनी सरकार हिंदुस्थानातल्या आपल्या गोऱ्या पलटणींसाठी पोर्टरची पिंपे बोटींनी मागवीत असे. आयर्लंडात डब्लिनला आर्थर गिनेस नावाच्या गृहस्थाने १७५९ साली एक जागा घेतली. वर्षाला ४५ पौंड भाडे आणि मुदत नऊ हजार वर्षे! पुढे ते घराणे स्टाउटसाठी जगप्रसिद्ध झाले. पण दाणे असे काळे करण्याची युक्ती आली १८१७ साली. डॅनिएल व्हीलर नावाच्या माणसाने कॉफी भाजतात तशा फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचे पेटंट घेतले. म्हणजे स्टाउटमध्ये कॉफीची बी पडण्याआधीच तिची चव येऊन बसली होती. पुढे कुणीतरी प्रत्यक्ष कॉफीच घालून पाहिली, यात नवल नाही.

भाच्याचा स्टाउट तसाच होता. कॉफी चिकमगळूरकडची. त्या डोंगरांत कॉफी कशी आली याची आख्यायिका आपण ऐकलेली असते: बाबा बुदन नावाचे सूफी फकीर सतराव्या शतकात मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आले. भाचा ती कॉफी उकळत नाही; उकळली की कडवटपणा घशाला धरतो. भरड कुटलेल्या बिया फडक्यात बांधून तयार स्टाउटमध्ये दिवसभर बुडवून ठेवतो. शेजारी मसाल्याची एक लहानशी पुरचुंडी.

“मसाला कोणता?”

“ते तुम्ही ओळखा.”

“मी पिणार नाही, मग ओळखणार कसा?”

“मग राहू द्या,” तो हसून म्हणाला. पण त्या हसण्यात काही तरी कमी होते. ते मला दिसले.

आम्ही बाहेरच्या टेबलाशी येऊन बसलो. त्याने पाकिटातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तो त्याचा मद्य पिण्याचा परवाना होता. आपल्या राज्यातला कायदा अजूनही १९४९ चा दारूबंदीचाच आहे, आणि त्या दारूबंदीच्या कायद्याखालीच प्यायचा परवाना मिळतो. परवाना कशासाठी, तर प्रकृतीचे जतन आणि संवर्धन व्हावे यासाठी! मी चष्मा पुसून तो मजकूर दोनदा वाचला. सरकारला विनोदाचे अंग नसते असे म्हणणाऱ्यांनी हा कागद अवश्य पाहावा. त्याच्या उलट, मद्याचे निर्धोक प्रमाण असे काही नसते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्वच्छ सांगितले आहे. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून माणसाने काय ते ठरवावे.

भाचा उठला, माझ्यासाठी एका दिवसाचा परवाना करून घेऊन आला आणि काही न बोलता टेबलावर ठेवला. मग पेला आला.

त्या पेल्याकडे मी बराच वेळ नुसता पाहत होतो. रंग काळा, पण उजेडाकडे धरला तर कडेला डाळिंबी झाक. वर बोटभर फेस, पांढरा नव्हे, बदामी. समोर भाचा बसला होता. दहावीचा निकाल लागायच्या दिवशी बसला होता तसाच. त्याने एका शब्दाने आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर नाही म्हणणे सोपे होते.

त्या क्षणी मला नाना आठवले. ओट्यावर बसलेली ती बाईही आठवली. आणि कुऱ्हाड बाजूला ठेवून मडके तोंडाला लावणारा एकोणीस वर्षांचा मुलगाही आठवला. हे मी स्वतःला दिलेले निमित्त होते की खरे कारण होते, हे आजही मला सांगता येणार नाही. मी पेला उचलला.

पहिला घोट कडू लागला. कडू आणि गार. बाकी काही नाही. मी तोंड वाकडे केले असावे, कारण भाचा म्हणाला, “जरा थांबा मामा. गारठा उतरू द्या.” बीअर बर्फासारखी थंड प्यायची असते ही आपली समजूत, स्टाउटला ती लागू नाही. पाचदहा मिनिटे पेला तळहातांत धरून बसलो.

दुसऱ्या घोटाला कडूपणाच्या मागून भाजल्याचा स्वाद आला. जळका नव्हे, खरपूस. तव्यावरून उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीला जे करपट डाग असतात, त्यांची चव जिभेवर असेल तर ती आठवा. मग कॉफी. मग जराशी गोडी. साखरेची नव्हे, गुऱ्हाळातल्या काकवीसारखी दाट. भाच्याने सांगितले की यात चॉकलेट नाही, तरी लोकांना चॉकलेट लागते. मला लागली काकवी. ज्याच्या त्याच्या जिभेवर ज्याचा त्याचा जिल्हा असतो.

तिसऱ्या घोटाला मसाला आला. आधी दालचिनी, मग वेलदोडा. ते दोन्ही मी पटकन सांगितले. त्यांच्यापाठोपाठ टाळूला हलकेच ऊब देणारे, किंचित गुंगी आणणारे, अगदी ओळखीचे असे काही तरी. नाव ओठांवर येईना. मी डोळे मिटले. आणि मला आमचे अंबाजोगाईचे स्वयंपाकघर दिसले. एकादशीची तिसरी प्रहर. पितळी पातेल्यात दूध उकळते आहे, आणि आई सहाणेवर जायफळ उगाळते आहे.

“जायफळ,” मी म्हणालो.

भाच्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “आजीच्या कॉफीतलं,” तो म्हणाला. “मी परदेशी पुस्तकांतले सगळे मसाले घालून पाहिले, मामा. काही केल्या जमेना. मग एकदा घरी आलो होतो, आजीने कॉफी दिली, आणि वाटलं, हे तर आपल्याकडे आधीच आहे.”

आधीच आहे! किती खरे बोलला पोरगा. मी पेला खाली ठेवला आणि विचार करू लागलो. धान्य भाजून त्यात मसाला घालणे आम्हां मराठवाड्याच्या लोकांना काय नवे? आमच्याकडचा येसर दुसरे काय असतो? बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची, धने, जिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल भाजायचे आणि सगळे मिळून दळायचे. लग्नघरी येसराची आमटी हवीच. ती काळपट, पातळ, झणझणीत आमटी वाट्या वाट्या ओरपून खाणारी माणसे आम्ही. आणि धान्य आंबवून पिणे? आमची आंबील घ्या. ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवायचे, सकाळी शिजवून गार करायचे, आणि वैशाखाच्या उन्हात तांब्याभर पिऊन कामाला लागायचे. भाजणे येसरात आहे, आंबवणे आंबिलीत आहे, कॉफी आणि जायफळ एकादशीच्या पातेल्यात आहे. भाच्याच्या पेल्यात परके म्हणावे असे एकच होते, आणि ते म्हणजे त्यातला साडेपाच टक्के मद्यार्क.

पण तेवढे एकच पुरेसे असते, हे मी ओट्यावर बसलेल्या त्या बाईला पाहून शिकलो होतो. म्हणून चौथ्या घोटानंतर मी पेला भाच्याकडे सरकवला. तो जवळजवळ निम्मा भरलेला होता.

“आवडली नाही?”

“आवडली,” मी खरे ते सांगितले. “फार आवडली. म्हणूनच ठेवतो आहे.”

मग मी त्याला सालगड्याची गोष्ट सांगितली. बहिणीने ती त्याला कधी सांगितली नव्हती. त्याला फक्त शिंदीच्या झाडांची गोष्ट ठाऊक होती, पराक्रमाची. आपण मुलांना घरातले पराक्रम सांगतो आणि त्यांच्यामागची दुःखे झाकून ठेवतो. मग मुलांना आपले नियम म्हणजे नुसता हट्ट वाटतो, यात त्यांचा काय दोष?

भाचा खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मामा, माझ्या हातची चीज चांगली आहे, म्हणून ती ज्याच्या त्याच्या हातात चांगलीच राहील असं मी कधी म्हणणार नाही. इथे एका पेल्याला जे पैसे पडतात त्यात आपल्याकडच्या शेतमजुराची दिवसाची मजुरी निघेल. इथे येणारा माणूस चव घ्यायला येतो. तुमचा सालगडी चव घ्यायला जात नव्हता.”

“नाही. विसरायला जात होता.”

“मग विसरायला येणारा इथेही येतोच अधूनमधून. त्याला ओळखायला शिकतोय. तिसरा पेला मागणाऱ्याला मी घरी कसा जाणार ते विचारतो. मालकाला ते आवडत नाही.”

मी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. हे उत्तर पूर्ण गुणांचे नव्हते, पण कॉपी केलेले नव्हते. मी त्याला पास केले.

अंबाजोगाईला परतलो तो रात्री. आई आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. कान थोडे गेले आहेत, बाकी सगळे जागेवर. सकाळी ती देवघरातून बाहेर आल्यावर मी तिच्यासमोर बसलो आणि सगळे सांगितले. परवान्यापासून जायफळापर्यंत. काही वगळले नाही.

तिने ऐकून घेतले. बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, नीट ऐकू आले नसावे. मग म्हणाली, “जायफळ किसून घालतो का कुटून?”

“पुरचुंडीत बांधतो. कुटूनच असेल.”

“उगाळून घालायला सांग. कुटलेलं घशात राहतं. आणि बेतानं म्हणावं. जास्त झालं की जायफळसुद्धा चढतं.”

मी धीर करून विचारले, “आणि नानांना दिलेला शब्द?”

“मोडलास तो मोडलास,” ती म्हणाली. “घरी येऊन सांगितलास, तेवढं बरं केलंस. तो सालगडी पहिल्यांदा पिऊन आला तेव्हा गोठ्यात लपला होता. मी पाहिलं होतं. कुणाला बोलले नाही.”

पन्नास वर्षे ही गोष्ट तिने पोटात ठेवली होती. मला त्यावर काही बोलता आले नाही. तीही उत्तराची वाट न पाहता उठली, भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेली. सहाणेवर काही उगाळल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने कपबशी घेऊन बाहेर आली. हात थोडा थरथरत होता, बशीत कॉफी सांडलेली होती. ती माझ्यापुढे ठेवीत म्हणाली,

“घे. हिला परवाना लागत नाही.”